अकरा नावांची हजेरी

मंगळवार, १६ एप्रिल १९७४

आज सोलापुरात आले. एसटीत खिडकीची जागा मिळाली. मोहोळपासून शेजारची बाई कानाशी बडबडत होती, गप बस म्हटल्यावर बसली. एकूण दिवस चांगला गेला.

ही वही पाळकसाहेबांनी दिली. यशवंतराव त्यांचं नाव. ह्या किरिस्तावांच्या देवळाचे ते पाळक, म्हणजे आपल्याकडच्या पुजाऱ्यासारखेच, पण पँट घालणारे. रोज काय काम केलं ते लिहीत जा म्हणाले. मी म्हटलं, मी तिसरी शिकलेली बाई, जोडाक्षर आलं की हात अडतो. ते म्हणाले, अडू द्या बजाबाई, देव शुद्धलेखन तपासत नाही. माणूस बरा आहे. मी किरिस्ताव नाही हे आधीच सांगून टाकलं, मागनं कटकट नको. तर म्हणाले, झाडू मारायला धर्म लागत नाही.

देऊळ जुन्या पेठेत, बोळाच्या पोटात आहे. दोन्ही अंगाला विणकरांची घरं, दिवसभर मागांची खटाखट. मला वाटलं होतं भलंमोठं असेल. कुठलं काय! आमच्या गावच्या तालमीएवढं. चुन्याच्या जाड भिंती, वर कौलं, दाराशेजारी गजांची एकच खिडकी, आत शहाबादी फरशी आणि सहा बाकं. गोऱ्या लोकांनी बांधलंय, शंभर वर्षं होत आली म्हणे. लांबून लोक बघायला येतात, दारावरची पाटी वाचतात आणि जातात. बाहेर ऊन नुसतं भाजून काढतंय, पण आत पाऊल टाकलं की रांजणापाशी बसल्यासारखं गार. चपला काढून उगीच थोडा वेळ उभी राहिले. उगीच उभं राहायची मला सवय नाही.

मागं एक खोली मिळाली. खोलीबाहेर नळ आहे. नळ! सकाळी दोन तास पाणी येतं. मागच्या साली दुष्काळात एका हंड्यासाठी चार मैल चालत होतो. मी नळ सोडला, पाण्याकडं बघत राहिले, मग बंद केला. वाया का घालवा.

बोळाच्या तोंडाला ईरम्मा म्हणून बाई कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकते. अक्कलकोटची, निम्मं कानडी बोलते. मी देवळात कामाला लागले म्हटल्यावर भाकरी बांधता बांधता तिचा हात थांबला. म्हणाली, बाराच्या भोंग्याला आत थांबू नको यव्वा. मी म्हटलं, का, ह्या किरिस्तावांचा देव त्या वेळी जेवायला बसतो का? ती हसली नाही. भाकरी मात्र एक जास्त घातली.

बुधवार, १७ एप्रिल

आज केसरमावशीनं काम दाखवलं. ही इथली जुनी राखणदारीण, ऐंशी ओलांडलेली, कमरेत पार वाकलेली. तिला आता झेपत नाही म्हणून मला घेतलंय. झाडणं, पुसणं, दिव्यांच्या काचा, रविवारची फुलं. एवढ्याला काय दाखवायचं? मी म्हटलंसुद्धा.

मग मिलचा बाराचा भोंगा झाला. मावशीनं दार लोटून घेतलं आणि मला भिंतीकडच्या बाकासमोर उभं केलं. ते बाक बुटकं आहे, पोरासोरांचं. रविवारी मंडळी दाटीवाटीनं बसली तरी त्यावर कुणी टेकत नाही म्हणे. तर रोज भोंग्याला त्या रिकाम्या बाकासमोर उभं राहून अकरा नावं घ्यायची. शाळेतल्या हजेरीसारखी. शिवा, यल्लू, नरसू, चंदी, फुला, मायाप्पा, रखमा, दगडू, भागू, बसव्वा, मुक्ताबाई. प्रत्येक नावानंतर श्वासभर थांबायचं. आपल्या मनानं एक गाळायचं नाही, एक घालायचं नाही.

मी भराभरा उरकलं, चुलीवर डाळ होती. मावशीनं माझ्या हातावर फाडकन चापट मारली. म्हणाली, "मिरच्या खुडायलीस व्हय गं? माणसं हायती ती." पुन्हा पहिल्यापासून घ्यायला लावली. डाळ लागली.

कोण ही पोरं, विचारलं. प्लेगाच्या साली इथंच गेली म्हणाली. मग पोरांत ही मुक्ताबाई थोरली कोण, विचारलं. म्हणाली, ती शेवटी आली. एवढं बोलून काठी टेकत निघून गेली. म्हातारीला वेड लागलंय, पण चापट चांगली लागते.

रविवार, २१ एप्रिल

उपासनेनंतर कॉलेजातले कुणी मास्तर देऊळ बघायला आले. पाळकसाहेबांनी त्यांना सांगितलं, प्लेगात ह्या देवळानं पोरांना आसरा दिला. केसरमावशी माझ्या शेजारी उभी होती, ती खाली थुंकली. देवळात! फरशी मीच पुसली.

मास्तर त्या बाकावर बसायला गेले तर मावशीनं काठी आडवी घातली. मास्तर चिडले, मग हसले. मलाही हसू आलं. कामाचं म्हणाल तर फुलं बदलली, काचा पुसल्या.

गुरुवार, २५ एप्रिल

मावशीला ताप चढला. पाळकसाहेबांनी टांग्यात घालून दवाखान्यात नेली. टांग्यातूनसुद्धा मला बोट दाखवत होती, नावं चुकवू नको म्हणून. आज एकटीनं घेतली, श्वासभर थांबून घेतली. कुणी बघत नव्हतं तरी घेतली.

उद्या वर्ष होतंय. वहीत फक्त काम लिहायचं असं ठरवलं होतं. पण दुसऱ्या कुणाला सांगू?

माझी गोजर आठ वर्षांची होती. मागच्या उन्हाळ्यात आमी दुष्काळी कामावर खडी फोडत होतो, मी आणि मालक. ऊन हे असंच. गोजर पाणी मागत होती. एकदा मागितलं, दोनदा मागितलं, पिंपातलं संपलं होतं. मुकादम माझ्या नावानं ओरडत होता. तिसऱ्यांदा पदर ओढला तेव्हा मी हातोडीसुद्धा थांबवली नाही. म्हटलं, जा, मर तिकडं विहिरीत.

ती पत्र्याचा डबा घेऊन गेली. आईचं ऐकणारी पोर. विहिरीत कमरेएवढंच पाणी होतं, पण पायऱ्या उभ्या होत्या. संध्याकाळी काढली.

मालकांनी, जोतीरामांनी, मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते बोलायचेच थांबले. वर्षभर एका घरात एक शब्द नाही. म्हणून मी इकडं आले.

शुक्रवार, २६ एप्रिल

मी चूक केली का? चूक म्हणवत नाही.

भोंगा झाला. दार लोटलं. अकरा नावं घेतली. मुक्ताबाई म्हणून झालं, श्वासभर थांबले, आणि तोंडातनं आपोआप निघालं, गोजर. वर्षभर तिचं नाव कुणासमोर घेतलं नव्हतं. घरात घ्यायची सोय नव्हती. इथं रोज परक्यांच्या पोरांची नावं घेते, माझ्या पोरीचं एकदा घेतलं तर कुणाचं काय जातंय?

मी जायला वळले. तर मागनं बाकावरनं आवाज आला. "हाय की! कितींदा हाका मारशील?"

तिचं हे रोजचं बोलणं. माझ्यासारखंच फटकळ. शेजारच्या बाया म्हणायच्या, बजाबाईचं तोंड घेऊन आलीय पोर.

बाकावर कोणी नव्हतं. मी गुडघ्यावर बसले आणि बाकाला मिठी मारून रडले. एका टोकाला लाकूड ओलं लागलं.

शनिवार, २७ एप्रिल

आज ईरम्माकडनं भाकरी घेतली, वर गूळ घेतला. गोजरला गूळ लागायचा. ईरम्मा म्हणाली, आज तोंडावर तेज आलंय यव्वा तुझ्या. मी म्हटलं, माझी लेक आलीय. ती म्हणाली, मग आण की तिला इकडं. मी गूळ पदराला बांधून निघाले.

बाराव्या नावाला आज हळू उत्तर आलं. हाय. मी सगळं बोलले तिच्याशी. गावची शेळी व्याली, बापाचे पाय दुखतात, सगळं. ऐकत होती. मध्ये मध्ये नाक ओढायची, तशी ओढत होती. पाळकसाहेब हाक मारत आले तेव्हा कळलं, दोन तास झाले होते. काम काही झालं नाही.

मंगळवार, ३० एप्रिल

आज दिसली. नीट नाही. डोळ्याच्या कडेनं बघितलं तर दिसते, समोर बघितलं तर बाकच. केस कपाळाला चिकटलेले. परकर पिळून टाकावा इतका ओला, फरशीवर खाली थेंब थेंब. हातात तोच डबा.

म्हणाली, आई, पाणी.

मी पळत गेले, तांब्या भरून आणला, बाकावर ठेवला. म्हटलं, पी बाई, पोटभर पी, नळ आहे इथं. तांब्या तसाच भरलेला राहिला. ती पुन्हा म्हणाली, आई, पाणी. मी हंडा आणला. कळशी आणली. फरशीवर सगळीकडं पाणी सांडलं. मी ओंजळ धरली तिच्या तोंडापुढं. ओंजळीतनं खाली गेलं.

ती मागतच राहिली. न रागावता. सारखी.

आणि बाकावर ती एकटी नाही. तिच्यापलीकडं सगळी बसलीत, मांडीवर हात ठेवून, नीट. हलत नाहीत. शेवटी एक बाई.

शुक्रवार, ३ मे

आज तिला न्यायचं ठरवलं. कितीही ओली असू दे, माझी आहे. हात पुढं केला. माझ्या हातात हात आला, विहिरीतनं काढली तेव्हासारखा गार. ओढलं तर उठेना. म्हणाली, उठायचं न्हाय, नाव घेतल्यावर उठायचं न्हाय. कुणी सांगितलं, विचारलं. तिनं बाकीच्यांकडं बघितलं.

मी जोरानं ओढली. बाक फरशीवर हातभर सरकलं. ती किंचाळली. तिच्याबरोबर सगळी किंचाळली.

सोडली मी.

विणकरांचे माग थांबले होते. बाहेर आले तर बोळात माणसं उभी. ईरम्मानं मला सावलीला नेऊन बसवलं. कुणी काही विचारलं नाही. म्हणजे यांना माहीत आहे.

सोमवार, ६ मे

दवाखान्यात केसरमावशीकडं गेले. मी तोंड उघडायच्या आत तिनं ओळखलं. विचारलं, कुणाचं नाव घेतलंस? मी सांगितलं. ती भिंतीकडं तोंड करून लई वेळ रडली. मग बोलली.

प्लेगात ज्यांच्या घरी रोग शिरला त्यांची पोरं ह्या देवळात घातली आणि बाहेरनं कडी लावली. आसरा कसला! रोज बाराला एक कारकून खिडकीबाहेर उभा राहून नावं घ्यायचा. हाय म्हणेल त्याला गजांतून भाकरी. नाव घेतल्यावर जागचं उठायचं नाही. उठलं तर भाकरी नाही. अकरा पोरं होती, त्यांतली एक केसर, सहा वर्षांची. तिची आई माळावरच्या प्लेगाच्या छावणीतनं पळून आली आणि कारकुनाच्या पाया पडली, माझी पोर सोडा म्हणून. तो म्हणाला, कागदावर अकरा आहेत, अकरा भरली पाहिजेत. तर ती म्हणाली, मग माझं नाव घ्या. आई आत जाऊन लेकीच्या जागेवर बसली. केसर बाहेर आली.

आईचं नाव मुक्ताबाई.

पुढं एकेक उत्तर येईनासं झालं. कारकूनही येईनासा झाला. मग केसरच खिडकीबाहेर उभी राहून नावं घ्यायला लागली. आतून कुणी हाय म्हणेना तरी रोज. पंचाहत्तर वर्षं.

म्हणाली, मी हाका मारत ऱ्हायले म्हणून ती बसून ऱ्हायली गं. सोडायला पायजे व्हती. पर मला आई पायजे व्हती.

मी विचारलं, आता माझी पोर कशी उठेल? तिनं माझ्याकडं बघितलं. मग नुसतं आपल्या आईचं नाव घेतलं. तेवढ्यावरनं कळलं.

बुधवार, ८ मे

आज नावं घेतली नाहीत. विसरतील, वाटलं. खोलीत कान दाबून बसले. रेल्वेचा संप, इंजनाची शिटी नाही, सगळं शहर चूप. म्हणून जास्तच ऐकू आलं. भिंतीपलीकडनं आधी नखं. खूप नखं.

मग गोजर.

"आई, मी पाणी मागणार न्हाय. रागावू नको. नाव घे."

पळत गेले. घेतली. सगळी घेतली.

शुक्रवार, १० मे

केसरमावशी पहाटे गेली. पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. म्हणाले, दुःखानं असं होतं, बजाबाई, गावी जाऊन या. गावी कुणाकडं जाऊ?

हजेरीत मुक्ताबाईच्या नावानंतर आज हुंदका आला. बाईमाणसाचा. तिला कळलंय.

शनिवार, ११ मे

पाणी मागत नाही आता. ओठ दाबून बसते. मी रागावेन म्हणून.

मी एवढी वाईट —

बाकीची तिच्याकडं सरकलीत. जागा करून घेतायत. दोन दिवसांत ती त्यांच्यासारखी नीट बसायला लागेल, मांडीवर हात ठेवून. मग मला ओळखणार नाही.

सोमवार, १३ मे

ईरम्माला सांगितलं, भोंगा झाला की बाहेरनं कडी घाल. ती ब्याड यव्वा, ब्याड, नको नको म्हणत माझ्या गळ्यात पडली. घालणार नाही ती. बघू.

आत बसून लिहितेय. बुटक्या बाकावर, गोजरच्या शेजारी. गुडघे छातीला लागतात. तांब्या भरून उंबऱ्याबाहेर ठेवलाय. जाता जाता पी.

पाळकसाहेब, वही तुमच्यासाठी. मालकांना कळवा, पोर आता तहानेली नाही. रोज नावं घ्याल तर माझंही घ्या. माझ्या नावानंतर श्वासभर थांबा. मी कुणासाठी थांबले नाही कधी. तुमी थांबा.

भोंगा झाला.

शिवा. यल्लू. नरसू. चंदी. फुला. सगळी हाय म्हणतायत, आज मोठ्यानं. मायाप्पा. रखमा. दगडू. भागू. बसव्वा. मुक्ताबाई.

बारावं. बजा.

हाय —

कडी पडली. ईरम्मा नव्हे ती. गजांतनं दिसतंय, बोळात कुणी नाही.

उठली. गोजर उठली. माझ्याकडं बघतेय, जाऊ का विचारतेय. उंबऱ्यापर्यंत गेली, पुन्हा वळली. भितेय माझ्या तोंडाला.

जा बाई. पाणी पी आणि जा. आई रागावली नाही. ह्या वेळी रागानं नाही म्हणत गं, जा म्हणजे नुसतं